कंटाळ्याचं पिठलं

आपल्याकडे काही उणिवा मोठ्या प्रतिष्ठेच्या असतात. "आमचं गणित पहिल्यापासून कच्चं हो!" हे लोक अशा थाटात सांगतात, की गणित पक्कं असणाऱ्याला आपल्यातच काही खोट असावी असं वाटू लागतं. "गाण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही" असं म्हणणारे गृहस्थ मैफलीत पहिल्या रांगेत बसून मान डोलावतात, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण एखाद्या बाईनं चार बायकांत बसून "मला स्वयंपाक आवडत नाही" एवढं म्हणून पाहावं!

मी म्हणून पाहिलं आहे. चैत्रातलं हळदीकुंकू होतं. हातात आंब्याची डाळ होती आणि ती फारच सुरेख झाली होती. त्या आनंदाच्या भरात मी यजमानीणबाईंना म्हटलं, "कसं काय करता हो हे सगळं? मला तर बाई स्वयंपाक मुळीच आवडत नाही." पन्ह्याचे पेले जिथल्या तिथे थांबले. कोपऱ्यातल्या एका आजींनी, घरात कोणाला तरी गंभीर दुखणं असल्यासारखा आवाज खाली आणून मला विचारलं, "मग घरातली माणसं जेवायचं काय करतात?"

इथे एक बारीक फरक लक्षात घ्या. "मला स्वयंपाक येत नाही" असं म्हटलं असतं तर त्या सगळ्यांनी मला पोटाशी धरलं असतं. "येईल गं हळूहळू" म्हणून आंब्याच्या डाळीची कृती सांगितली असती, ती सुद्धा चौघींनी चार प्रकारची. येत नाही हा हाताचा दोष. आवडत नाही म्हटलं की तो थेट काळजाचा दोष ठरतो. ज्या बाईला स्वयंपाक आवडत नाही तिला माणसंही आवडत नसावीत, असा एक संशय हवेत तरंगू लागतो.

तेव्हा स्वयंपाक न आवडणं हे पाप आहे का, या प्रश्नावर मी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं विचार करते आहे. हा विचार बहुतेक ओट्यापाशी उभी राहूनच केला. कारण आमटीला उकळी येईपर्यंत माणसाला दुसरं काय करता येतं?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला खायला आवडतं. अगदी मनापासून आवडतं. माझं भांडण अन्नाशी नाही, त्याच्या उत्पादनाशी आहे. स्वयंपाक अवघड असतो म्हणूनही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तो कधी संपत नाही याबद्दल. मी बँकेत नोकरी केली. संध्याकाळी जुळलेलं लेजर दुसऱ्या दिवशी सकाळीही जुळलेलंच सापडायचं. सकाळी भरलेला पोळ्यांचा डबा मात्र रात्री उघडून पाहावा तर आत एक सुरकुतलेलं फडकं! असल्या खात्यावर जीव कसा जडावा?

असं वाटणारी मी एकटीच नाही, हे कळायला मला अमेरिकेपर्यंत जावं लागलं. म्हणजे मी गेले नाही, वाचनात आलं. पेग ब्रॅकन नावाच्या बाईंनी १९६० साली स्वयंपाकाचा तिटकारा असणाऱ्या बायकांसाठी एक पाकपुस्तक काढलं, आणि तिटकारा हा शब्द सरळ पुस्तकाच्या नावातच घातला. ते लाखांनी खपलं. इकडे आपल्याकडे दहा वर्षांनी, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' निघालं. तेही लाखांनी खपलं. मलाही ते लग्नात मिळालं, तेही दोन प्रती. मला तो आहेर वाटला नाही, सूचना वाटली. ब्रॅकनबाईंच्या पाककृतींत डबाबंद सूप फार. ते आपल्याकडे कुठे मिळायला? पण खरं सांगू का, आपल्याला त्याची गरजही नव्हती. आळशी माणसासाठी मराठी स्वयंपाकानं जेवढी सोय करून ठेवली आहे तेवढी क्वचितच कोणी केली असेल. फक्त तिला कोणी तिच्या खऱ्या नावानं हाक मारत नाही.

मेतकूट-भात घ्या. भात कुकर करतो, मेतकूट वाण्याकडे मिळतं, तूप आपोआप वितळतं. यात माझं काम म्हणजे कालवणं, आणि तेही जेवणारा स्वतः करतो. मुगाच्या डाळीची खिचडी घ्या. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ आणि तीन शिट्ट्या. शिट्ट्या मोजायलाही दुसऱ्या खोलीत बसून पुस्तक वाचता येतं. कुकरात दाबामुळे पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. ही युक्ती देनी पापां नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली काढली. एवढ्या उपकारांबद्दल त्याचा फोटो घराघरांत लावायला हवा होता. दडपे पोह्यांना तर विस्तवही नावापुरताच, फोडणीपुरता लागतो. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, लिंबू घालून ते नुसते दडपून ठेवायचे. बाकीचं काम पोहे आपापसात करून घेतात.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे पिठलं. तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरच्या आणि कांदा. वाटीभर डाळीचं पीठ तीन वाट्या पाण्यात आधीच कालवून ओतायचं, म्हणजे गुठळ्यांची भानगड नाही. झाकण ठेवून वाफ आणायची. कांदा चिरायला घेतल्यापासून पानात पडेपर्यंत वीस मिनिटं, आणि त्यातली पाच सुरी शोधण्यात. याला मी घरात 'कंटाळ्याचं पिठलं' म्हणते. आमच्या सासूबाईंना ते नाव मुळीच पसंत नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती.

सासूबाईंबद्दल सांगायचं म्हणजे त्यांच्या हाताला विलक्षण चव होती. पुरणपोळी अशी की पुरण काठापर्यंत पोचलेलं आणि पोळी कुठे फुटलेली नाही. अळूवडी, उकडीचे मोदक, चिंच-गुळाची आमटी, सगळं तसंच. १९७८ साली मी लग्न होऊन त्या घरात आले, पहिल्याच दिवशी ती आमटी भुरकली आणि माझ्या पुढच्या आयुष्याचं धोरण तिथल्या तिथे ठरलं. मी म्हटलं, "आई, तुमच्या हाताला जी चव आहे ती आमच्या हाताला कुठून येणार!" हे वाक्य मी पुढची नऊ वर्षं म्हणत राहिले. खोटं एका अक्षरानंही नव्हतं. भाजी चिरायची, कुकर लावायचा, पानं घ्यायची, हे मी करत असे. पण खरा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. घरात सगळे म्हणायचे, "आईला स्वयंपाकाची भारी आवड." मला आवड नाही आणि त्यांना आहे, म्हणजे देवानं जोडी कशी छान जुळवली आहे!

तरीपण मनाला कुठे तरी टोचायचं. त्यावरचं औषध मला आमच्याच घरात सापडलं. आमचे हे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. (चहा पिणे आणि कप विसळणे यांत काही कार्यकारणभाव आहे, हे मात्र त्यांना तेव्हा मान्य नव्हतं.) एकदा त्यांनी मला कान्टबद्दल सांगितलं. या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७८५ साली नीतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो त्याचा भावार्थ असा, की ज्याला दुसऱ्याचं भलं करण्यातच आनंद वाटतो त्यानं भलं केलं तर चांगलंच आहे, पण त्यात नैतिक थोरवी ती काय? मनात ओढ नसताना, केवळ कर्तव्य म्हणून जो चांगलं काम करतो, त्याच्या कामाला खरी नैतिक किंमत.

मला तर सोनं सापडल्यासारखं झालं. म्हणजे ज्या बाईला स्वयंपाक आवडतो ती बिचारी आपली हौस भागवते. आणि मी, जिला कांदा चिरायच्या आधीच रडू येतं, ती जेव्हा पिठलं करते तेव्हा ते साधं पिठलं नसतं, तो एक नैतिक पराक्रम असतो! कान्टनं स्वतः लग्न केलं नाही आणि त्याच्या घरी स्वयंपाकाला माणूस होतं. दुपारी मित्रांना घेऊन जेवायचं, आणि पंगत तिघांहून लहान नसावी, नवांहून मोठी नसावी, असा त्याचा दंडक. त्या आठ-नऊ जणांचं कोण करत होतं, आणि आवडीनं की कर्तव्य म्हणून, हे मी तेव्हा विचारलं नाही. आपल्या सोयीचं तत्त्वज्ञान सापडलं की माणूस पुढचं पान उलटत नाही.

ते पान १९८७ साली उलटलं गेलं.

नागपूरला नात्यातलं लग्न होतं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या पुण्याला घरीच राहिल्या आणि बाकीचे आम्ही सगळे गेलो. आठ दिवसांचा बेत होता, पण बँकेत ऑडिट निघालं आणि मी एकटी दोन दिवस आधी परत आले. वाटेत सारखं मनात येत होतं, आई एकट्या आहेत, तरी चार पदार्थ करून ठेवलेच असतील. माणसाची भूकसुद्धा किती विश्वासानं चालते पाहा!

माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडून आत गेले तर स्वयंपाकघर सुनं. ओटा कोरडा ठणठणीत. शेगडी इतकी स्वच्छ की दुकानातून आजच आणली असावी. देवापुढे नैवेद्याला साखर. आणि सासूबाई गॅलरीत, पाय स्टुलावर, हातात वाचनालयातली जाडजूड कादंबरी, मांडीवर वाडगा. मला पाहताच त्यांनी तो वाडगा पुस्तकाआड केला. वर्गात चिंच खाणारी मुलगी मास्तर आल्यावर करते ना, अगदी तस्सं.

"आई, जेवलात का?"

"हे काय, जेवतेच आहे."

वाडग्यात दही-पोहे होते. वर लोणच्याची एक फोड.

"आज एवढंच?"

"काल पण हेच होतं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "परवा पण. गॅस पेटवला तो चहापुरता."

मी घाबरले. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"अगं, इतकी बरी मी लग्न झाल्यापासून कधी नव्हते!"

आणि मग त्या बोलायला लागल्या. कधीच न ऐकलेलं काही ऐकावं तसं मी ऐकत राहिले. त्यांना स्वयंपाक कधीच आवडला नव्हता. आधी चुलीचा धूर, मग पंपाचा स्टोव्ह, मग गॅस. साधनं बदलली, पण कंटाळा तोच. "पूर्वी निदान महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात बसायला मिळायचं," त्या म्हणाल्या, "घरात सुधारणा आली आणि तेवढी सुटीपण गेली!"

"अहो पण आई, तुमची पुरणपोळी…"

"जमते. जमते म्हणून करत आले. जमतं ते आवडतच असणार, हे तुमचं तुम्हीच धरून चाललात. मला कोणी विचारलं का?"

यावर काय बोलायचं? मी गप्प राहिले. त्यांनी वाडग्यातला शेवटचा घास खाल्ला आणि माझ्याकडे पाहून हसल्या. "आणि तू तर सगळ्यांत हुशार. 'आई, तुमच्या हाताची चव!' तू असं म्हणालीस की मी मनात म्हणायची, झालं, आजची आमटीपण आपल्याकडेच!"

त्या खरंच हसत होत्या. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं. त्या रात्री मी बँकेच्या सवयीनं एका कागदावर हिशेब मांडला. दिवसाला दोन वेळची जेवणं, वर्षाला ७३०, पंचेचाळीस वर्षांची ३२,८५०. माहेरपणं, बाळंतपणं, लग्नकार्यं वजा केली तरी तीस हजारांच्या खाली आकडा येईना. तीस हजार वेळा एका बाईनं न आवडणारं काम केलं होतं आणि आम्ही दर वेळी बोटं चाटून तिला सांगत होतो की तुला हे फार आवडतं. आणि त्यातल्या नऊ वर्षांत सर्वांत गोड आवाजात सांगणारी मी होते. जिला स्वतःला तेच काम आवडत नव्हतं ती! निदान मला तरी ओळखू यायला हवं होतं.

हे परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. कान्टच्या हिशेबानं थोर कोण ठरतं तेही विचारलं. मी नव्हेच. माझं पिठलं महिन्यातून दोनदा, सासूबाईंची आमटी रोज. ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्याच पुस्तकात आणखी एक तत्त्व आहे. दुसऱ्या माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये."

"मग हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू तिथेच थांबलीस," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसले. तीस हजारांतल्या वीस हजारांहून जास्त जेवणं त्यांनीच जेवलेली होती.

स्तुतीचा हा उपयोग मला तेव्हा कळला. एखादं काम आपल्याला नको असलं की ते ढकलण्याचे दोन मार्ग असतात. एक हुकमाचा. तो जुना झाला, आणि त्यात समोरचा निदान भांडू तरी शकतो. दुसरा कौतुकाचा. "तुझ्यासारखं कोणाला जमतच नाही" म्हटल्यावर माणूस भांडणार कोणाशी? हाताची चव हे खरं तर एक सुंदर वाक्य आहे. पण ते उच्चारताना आपला स्वतःचा हात कुठे आहे, हे एकदा पाहून घ्यावं.

पुढच्या आठवड्यात आम्ही घरात वार लावून घेतले. बुधवार माझा, म्हणजे पिठलं-भाताचा. पहिल्या बुधवारी सासऱ्यांच्या पानात पिठलं वाढताना माझा हात थरथरत होता. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! किती वर्षांनी!" त्यांना म्हणे लहानपणापासून पिठलंच सर्वांत आवडायचं. "मग कधी बोलला नाहीत ते?" सासूबाईंनी विचारलं. "तू एवढी सुगरण, तुझ्याकडे पिठलं कसं मागायचं? तुझा अपमान नसता का झाला?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पंचेचाळीस वर्षं एक माणूस पिठल्यासाठी झुरत होता, दुसरं माणूस साग्रसंगीत स्वयंपाक करून थकत होतं, आणि दोघंही एकमेकांच्या मानासाठी गप्प होती. प्रेमच होतं ते. फक्त विचारायचं राहून गेलं होतं.

रविवार ह्यांच्याकडे आला. पहिल्या रविवारी खिचडी करपली. दुसऱ्या रविवारी पातळ झाली. तिसऱ्या रविवारी जमली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताला काय चव आहे रे!" आणि माझ्याकडे पाहून त्यांनी डोळे मिचकावले.

हे सगळं आमच्या एका घरापुरतं, असं कोणी म्हणू नये. २०१९ साली आपल्या सरकारनं देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. जे करतच नाहीत ते पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. या २९९ मिनिटांतली आवडीची किती, हे त्या पाहणीत विचारलेलं नाही. घरात आपणही विचारत नाही.

तेव्हा माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला आता असं वाटतं. स्वयंपाक न आवडणं हे पाप नाही. घरच्या माणसांना वेळेवर दोन घास मिळणं हा त्यांचा हक्क आहे, ते घास आपण हसतमुखानं, आवडीनं रांधावेत हा नाही. पण आपला कंटाळा गुपचूप दुसऱ्याच्या ताटात वाढणं, आणि वर त्याला त्याची आवड म्हणणं, हे मात्र पापाच्या जवळपास जातं. आणि म्हणून मला सोप्या स्वयंपाकाचं महत्त्व वाटतं. चार तासांचा स्वयंपाक कोणाच्या तरी गळ्यात बांधावा लागतो. वीस मिनिटांचा स्वयंपाक घरात फिरता ठेवता येतो. तो कोणालाही येतो, अगदी तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालासुद्धा. पिठलं ही आळसाची खूण नाही, वाटणीची सोय आहे. ज्यांना खरोखरच स्वयंपाकाची आवड आहे त्यांना माझा दंडवत. त्यांच्याकडे मी जेवायला केव्हाही येईन. फक्त आवड खरी आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. त्या माणसाला आठ दिवस घरात एकटं ठेवावं आणि नवव्या दिवशी न सांगता जाऊन शेगडी पाहावी.

सासूबाई २००४ साली गेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला नातेवाईक जमले. आईच्या आवडीचं सगळं करायचं असं ठरलं, आणि जो तो सांगू लागला. आईला पुरणपोळी आवडायची. काकूला अळूवडी फार आवडायची. आजीला मोदक. त्यांनी जे जे केलं ते ते सगळं त्यांच्या आवडीच्या यादीत आलं. मी काही बोलले नाही. ते सगळे पदार्थ केले, विकत आणायचे ते आणले. गच्चीवर पान मांडलं तेव्हा त्याच्या कडेला एका वाडग्यात दही-पोहे ठेवले, वर लोणच्याची एक फोड. गुरुजींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कावळा लगेच आला आणि थेट दही-पोह्यांवर गेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. "आपल्या गच्चीवरचा कावळा कशालाही लगेच येतो," हे हळूच म्हणाले, "यावरून तर्कशास्त्राप्रमाणे काही सिद्ध होत नाही."

पण खाली आल्यावर तो वाडगा त्यांनीच विसळून ठेवला.